बोली आणि देणे : दानार्थ लिलावाच्या भाषेचा व नियोजनाचा विचार

मराठीत ‘बोली’ ह्या शब्दाचे तीन अर्थ नित्याच्या व्यवहारात आढळतात. बोली म्हणजे लोकांच्या तोंडची भाषा. बोली म्हणजे आगाऊ ठरलेली अट, जसे देण्याघेण्याची बोली. आणि बोली म्हणजे लिलावात पुकारलेली किंमत. तिन्ही अर्थांच्या मुळाशी ‘बोलणे’ हा एकच धातू आहे. कोशात हे अर्थ एकाखाली एक असे निमूटपणे मांडलेले असतात. पण एखाद्या सत्कार्यासाठी भरविलेल्या लिलावात ते तिन्ही एकाच वेळी जागे होतात. पाहुणा उठून एक आकडा उच्चारतो. तो आकडा किंमत असतो, चारचौघांत दिलेला शब्द असतो, आणि तो उच्चारण्याची रीत त्या समाजाच्या भाषेने ठरविलेली असते. निधिसंकलनाचा समारंभ योजणे म्हणजे मंडप, भोजन आणि निमंत्रणपत्रिका यांची व्यवस्था करणे असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः त्यातील पैसा ज्या क्षणी उभा राहतो तो क्षण भाषिक असतो, आणि नियोजन मुख्यतः त्याचेच करावयाचे असते.

हा विषय चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन अरण्यप्रदेशांच्या संदर्भात तपासण्यास कारण आहे. १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होण्यापूर्वी हा सारा मुलूख एकाच चांदा जिल्ह्यात मोडत असे. वरोड्याजवळचे आनंदवन, भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प अशा संस्थांमुळे ह्या भागासाठी मुंबई-पुण्याच्या सभागृहांतून निधी जमविण्याची परंपरा जुनी आहे. दुसरीकडे, एटापल्ली तालुक्यातील सूरजागड हे नाव आज लिलावाशी अगदी निराळ्या प्रकारे जोडले गेले आहे. तेथील लोहखनिजाचा ३४८.०९ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये एका कंपनीस दिला गेला तो जुन्या पद्धतीने, विनालिलाव. खाणविषयक कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाल्यावर लिलावाचा मार्ग आला, आणि २०२३ मध्ये त्याच डोंगररांगेतील आणखी काही गटांचा लिलाव झाला. ह्याच मुलखातील ग्रामसभा दरवर्षी तेंदूपत्त्यासाठी व्यापाऱ्यांची बोली मागवितात. खनिजाची बोली, पानांची बोली आणि परोपकाराची बोली, अशा तिन्हींचा संबंध ज्या माणसांशी येतो ती माणसे एकच आहेत. तिन्हींत त्यांचे स्थान मात्र एक नाही.

प्रथम शब्दांकडे पाहणे इष्ट होईल. ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘लेलांव’पासून मराठीत आला आणि त्या पोर्तुगीज शब्दाच्या मागे अरबीतील ‘इअलाम’, म्हणजे जाहीर करणे, सांगून टाकणे, हा शब्द असल्याचे मानले जाते. विदर्भात आणि मराठवाड्यात त्याच अर्थी ‘हर्रास’ हा शब्द रूढ आहे. तोही अरबी ‘हर्राज’पासून आलेला. गोव्यात देवळातील फळफळावळीचा किंवा बाजारकराच्या वसुलीचा लिलाव असतो त्यास ‘पावणी’ म्हणतात. जैन मंदिरांतून ‘चढावा’ आणि ‘बोली’ हे शब्द चालतात. ‘लिलाव’ आणि ‘हर्रास’ ह्या शब्दांना मराठीत एक कडवट वासही आहे. घरावर जप्ती येऊन हर्रास होणे ही लौकिकदृष्ट्या बुडाल्याची खूण होती, आणि ग्रामीण भागात तो अर्थ अजून ताजा आहे. परोपकाराच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘भव्य लिलाव’ असे छापणाऱ्या संयोजकांनी हा वास विसरू नये. जैनांनी आणि गोमंतकीयांनी ह्याच व्यवहाराला वेगळी नावे ठेवली त्यात शहाणपण दिसते.

इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेली आणि १९६२ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली व्याख्याने भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेत. काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत, तर ती उच्चारणे हीच कृती असते, हा त्यांचा सिद्धान्त. पैज लावणे, वचन देणे, नाव ठेवणे ही त्याची उदाहरणे. लिलावातील बोली ह्याच जातीची आहे. ‘पाच हजार’ हे शब्द एरवी केवळ एक संख्या. पण ‘एक वार’ आणि ‘तीन वार’ ह्यांच्या दरम्यान ते उच्चारले गेले तर ते बंधन होते. अर्थात् त्यासाठी परिस्थिती यथायोग्य असावी लागते: पुकारणारा अधिकृत असला पाहिजे, वस्तू समोर असली पाहिजे, श्रोते साक्षी असले पाहिजेत. बोली लागते, चढते, अडते आणि अखेर कोणाच्या तरी नावावर सुटते. ही क्रियापदे मराठीने जणू एखाद्या सजीव वस्तूसाठी योजली आहेत.

येथवर व्यापारी लिलाव आणि दानार्थ लिलाव यांत भेद नाही. भेद पुढे सुरू होतो. धान्याच्या किंवा लाकडाच्या लिलावात बोली करणारा शक्यतो बोलतच नाही. तो भुवई उंचावतो, बोट हलवितो, दलालाच्या हाताला रुमालाखाली स्पर्श करतो. आपणास वस्तू किती हवी आहे हे कळू न देणे ही त्याची नीती असते, आणि कमीत कमी रकमेत ती पदरात पडणे हे त्याचे यश. दानार्थ लिलावात सारेच उलटे होते. तेथे बोली करणाऱ्यास ऐकले जावयाचे असते. वस्तूच्या बाजारभावापेक्षा अधिक रक्कम देणे हा तेथे तोटा नसून तोच मुख्य हेतू असतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये भेटीविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, देणे हे वरवर ऐच्छिक दिसले तरी त्यात देण्याचे, घेण्याचे आणि परत करण्याचे बंधन गुंफलेले असते. लिलावाचा मंडप हा त्या बंधनाला आकडा देतो.

मराठीपुरता ह्या भेदाचा एक सुंदर पुरावा संख्यावाचकांत सापडतो. वस्तूची किंमत शंभर असते, आहेर एकशे एक असतो. किंमत पाचशे, देणगी पाचशे एक. अकरा, एकवीस, एकावन्न, एक हजार एक ह्या संख्या ऐकताच मराठी कानाला हे देणे आहे, खरेदी नव्हे, असे कळते. तो शेवटचा एक रुपया हिशेबाच्या दृष्टीने निरर्थक, पण व्यवहाराची जात सांगणारा आहे. पुकारणाऱ्याने पहिली बोली ‘पाचशे’ अशी मागितली तर श्रोत्यांच्या मनात भाव करण्याची वृत्ती जागी होते. ‘पाचशे एक’ अशी मागितली तर आहेराची. केवळ एका प्रत्ययाएवढ्या भेदाने सभेचा सूर बदलतो, ही गोष्ट पाश्चात्त्य पद्धतीची मार्गदर्शक पुस्तके वाचून समारंभ योजणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

सार्वजनिक कार्यासाठी लिलावाचा उपयोग महात्मा गांधींनी जितक्या सातत्याने केला तितका भारतात क्वचितच कोणी केला असेल. १९३३ च्या नोव्हेंबरात वर्ध्याहून त्यांचा हरिजन दौरा सुरू झाला. नऊ महिन्यांत सुमारे साडेबारा हजार मैलांचा प्रवास आणि सुमारे आठ लाख रुपयांचा निधी ही त्याची फलश्रुती. गावोगावी त्यांना मानपत्रे मिळत, ती ठेवण्याच्या चांदीच्या मंजुषा मिळत, आणि त्याच सभेत त्या वस्तूंचा लिलाव पुकारला जाई. स्वाक्षरीसाठी पाच रुपये हा दरही ठरून गेलेला होता. ह्या पद्धतीत तीन गोष्टी विशेष आहेत. वस्तू त्या सभेतच जन्मास आलेली असे. तिला बाजारभाव असा नव्हताच, त्यामुळे तुलनेला जागा उरत नसे. पुकारणारा स्वतः तिचा धनी असून तिच्यातून त्याला काहीही मिळावयाचे नव्हते, हे सर्वांना दिसत असे. आणि लिलाव चालू असता स्वयंसेवक गर्दीतून पैसा-अधेला गोळा करीत फिरत. ज्यास बोली परवडत नाही त्याचाही हात रिकामा परत जात नसे.

जैन समाजातील बोलीची परंपरा अधिक जुनी आणि नियमबद्ध आहे. मुंबई, पुणे आणि विदर्भातील व्यापारी गावांतून श्वेतांबर मंदिरांत पर्युषणकाळी महावीरजन्माच्या वाचनाच्या दिवशी मातेला पडलेल्या चौदा स्वप्नांची प्रतीके उतरविण्याचा मान बोलीने दिला जातो. येथे विकली जाते ती वस्तू नव्हेच. एखादी क्रिया प्रथम करण्याचा अधिकार विकला जातो. पुष्कळ ठिकाणी ही बोली रुपयांत न पुकारता तुपाच्या मणांत पुकारली जात असे, आणि मणाला ठरावीक, नाममात्र रुपये असा हिशेब असे. पूजास्थानी रोकड्या पैशाचा उच्चार टाळण्याची ही भाषिक युक्ति म्हटली पाहिजे. शिवाय मोठमोठे आकडे तोंडातून निघाल्याने सभेला रंग चढे, तो फायदा वेगळाच. दुसरा नियम पैशाच्या विनियोगाचा. देवापुढील बोलीतून आलेले द्रव्य देवद्रव्य ठरते आणि ते मंदिर व मूर्ती यांखेरीज अन्य कामी लावता येत नाही. बोललेली रक्कम भरण्यास उशीर करणे हा दोष मानला जातो. कोणत्या शब्दावर आलेला पैसा कोणत्या कामी जावयाचा हे आधीच ठरलेले असल्यामुळे बोली करणाऱ्याच्या मनात शंका राहात नाही. लालबागच्या राजापुढे जमलेल्या दागिन्यांचा विसर्जनानंतर होणारा लिलाव ह्याच कुळातील. तेथे सोन्याच्या तुकड्याला सराफापेक्षा अधिक भाव येतो, कारण घेणारा सोने नेत नाही, प्रसाद नेतो.

आता लिलावाच्या एका मूलभूत उणिवेकडे वळावयास हवे. जो बोली जिंकतो तोच पैसे देतो. उरलेले सारे, कितीही उत्साहाने बोलले असले तरी, काही न देता घरी जातात. अर्थशास्त्रीय परिभाषेत हा प्रश्न २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ ह्या नियतकालिकातील एका निबंधात मांडला गेला. सत्कार्यासाठी असलेल्या लिलावात दुसऱ्याची बोली चढली तरी प्रत्येकाला समाधानच असते, कारण पैसा अखेर त्याच कामाला जातो. म्हणून आपण पुढे चढण्याची निकड कमी होते. ह्यावरून लेखकांचा निष्कर्ष असा, की ज्या रचनेत हरणाऱ्यालाही द्यावे लागते, उदाहरणार्थ सोडत, ती निधिसंकलनास अधिक अनुकूल. गांधींच्या सभेत फिरणारी झोळी हेच काम करीत होती. तळेगावच्या पैसा फंडाने, ज्यातून १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला, तर लिलावाचा विचारच न करता प्रत्येकाकडून एक पैसा ही कल्पना पत्करली.

ह्या दोन टोकांच्या मध्ये नाट्यप्रयोगाचे तिकीट येते. टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श ह्या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी मिळून खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा प्रयोग केला, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. ‘संयुक्त मानापमान’ म्हणून तो मराठी रंगभूमीच्या इतिहासात अमर आहे. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवरावांचे निधन झाले. नियोजनाच्या दृष्टीने पाहता ह्या प्रयोगाचे मर्म असे की, तिकिटाचे दर चढे असूनही प्रेक्षकाला आपण भीक घालीत आहो असे वाटले नाही. त्याला एरवी कोणत्याही मोलाने न मिळणारी गोष्ट मिळत होती. ज्या समारंभात पाहुण्याला मिळणारे काही खरे नसते तेथे शेवटी केवळ भीड उरते, आणि भिडेचा पैसा पहिल्या वर्षी येतो, दुसऱ्या वर्षी येत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर प्रत्यक्ष योजनेचे काही मुद्दे सहज उलगडतात. वस्तू थोड्या असाव्यात. आठदहांपेक्षा अधिक झाल्या की बोलीतील उत्कंठा जाऊन तिला बाजाराचे रूप येते. सर्वांत मोलाची वस्तू प्रारंभीही नको आणि अखेरीसही नको. प्रारंभी श्रोत्यांचा आवाज फुटलेला नसतो. अखेरीस, जेवून तृप्त झालेला आणि परतीच्या गाडीची वेळ आठवू लागलेला पाहुणा बोली करीत नाही. तिसरी-चौथी वस्तू ही तिची जागा. पहिली बोली कोण करणार हे आधी ठरवून ठेवण्यात गैर काही नाही, मात्र ती खरी असली पाहिजे. नुसता भाव चढविण्यासाठी उभा केलेला माणूस ओळखू आला की उरलेली सभा गप्प होते, आणि ते योग्यच होय.

पुकारणाऱ्याची निवड हा सर्वांत उपेक्षित विषय आहे. बहुधा ते काम एखाद्या नटाकडे किंवा विनोदी वक्त्याकडे सोपविले जाते. तो हशे मिळवितो. बोली मिळवितोच असे नाही. पुकारणाऱ्याला लागतात तीन गोष्टी: पाहुण्यांची नावे, त्यांना संबोधण्याची रीत आणि थांबण्याचे भान. पाश्चात्त्य पद्धतीत पाहुण्याच्या हाती क्रमांकाची पाटी देतात आणि ‘सत्तावीस क्रमांक’ असे पुकारतात. मराठी सभेत माणसाचा क्रमांक करणे म्हणजे त्याच्या दानाची अर्धी गोडी काढून घेणे होय. ‘अण्णांची बोली अकरा हजार एक’ असे म्हटल्याने अण्णा तर बांधले जातातच, पण शेजारी बसलेले तात्याही अस्वस्थ होतात. ह्यातच धोकाही आहे. ‘तात्या, आपण गप्प कसे?’ हा प्रश्न विनोदाने विचारला तरी तो जुलूम ठरू शकतो. ज्याची ऐपत नाही त्याला चारचौघांत नाही म्हणावयास लावणे हा अपमान आहे. चांगला पुकारणारा नाव घेतो ते बोली झाल्यावर, बोली मागण्यासाठी नव्हे. ‘दोन वार’ आणि ‘तीन वार’ ह्यांमधील स्तब्धताही त्याला साधली पाहिजे. ती फार लांबली तर सभा हसते आणि आखूड झाली तर एखाद्याच्या ओठावर आलेला आकडा तेथेच राहतो.

भिडस्त पाहुण्यांसाठी मूक लिलावाची सोय असते. वस्तूजवळ कागद ठेवावयाचा, ज्याने त्याने नाव आणि रक्कम लिहून जावयाचे, आणि ठरल्या वेळी कागद उचलावयाचे. मुकी बोली हा शब्दप्रयोग विरोधाभासात्मक खरा, पण ज्यांना सभेत आवाज चढविण्याची सवय नाही असे अनेक जण, विशेषतः सुशिक्षित मध्यमवर्गीय, कागदावर मोकळेपणाने लिहितात. बोललेली रक्कम त्याच रात्री, निदान आठवड्याच्या आत, वसूल व्हावी. शब्द जसजसा जुना होतो तसतशी त्याची बंधनशक्ती क्षीण होते, हे जैन पंचांना चांगले ठाऊक होते.

येथपर्यंतच्या विवेचनात पुकारणारा आला, बोली करणारा आला, साक्षी श्रोते आले. ज्याच्यासाठी हे सारे करावयाचे तो मात्र कोठेच बोलला नाही. दानार्थ समारंभाचे व्याकरण तपासले तर त्यात दाता हा कर्ता, रक्कम हे कर्म आणि लाभार्थी केवळ संप्रदान, म्हणजे चतुर्थी विभक्तीत, असा आढळतो. नागपूरच्या एखाद्या सभागृहात सूरजागडच्या परिसरातील शाळेसाठी वा दवाखान्यासाठी लिलाव योजला तर पडद्यावर माडिया मुलांची छायाचित्रे येतात, निवेदक त्यांच्या दैन्याचे वर्णन करतो, आणि ती मुले, कधी कधी समोरच बसलेली असूनही, एक अक्षर बोलत नाहीत. माडिया ही द्राविड कुळातील, गोंडीशी निकट नाते असलेली भाषा. मराठी तिच्या बोलणाऱ्यांना शाळेत शिकावी लागते. त्यामुळे आपल्याविषयी काय सांगितले जात आहे हेही त्यांतील लहानांना कित्येकदा कळत नाही.

हीच माणसे आपल्या गावी बोलीच्या व्यवहारात मुकी नसतात. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करण्यास प्रारंभ केला. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, आणि गोणीमागे व्यापाऱ्याची बोली. ती पुरेशी नसेल तर नाकारण्याचा अधिकार ग्रामसभेचा. तेथे माडिया माणूस प्रथमा विभक्तीत असतो. खनिजाच्या लिलावात विक्रेता शासन असते आणि त्याच माणसाचे स्थान पुन्हा बदलते. पण तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

बाबा आमटे यांचा दानाविषयीचा आक्षेप ह्याच ठिकाणी लागू पडतो. दानाने माणूस मोडतो आणि कामाने उभा राहतो, ह्या विचारावर आनंदवनाची उभारणी झाली. तेथील ‘स्वरानंदवन’ हे वाद्यवृंदाचे पथक त्या विचाराशी सुसंगत आहे. रोगमुक्त झालेले आणि अंध-अपंग कलावंत स्वतः रंगमंचावर गातात, वाजवितात. प्रेक्षक तिकीट काढतो ते कार्यक्रमासाठी. निधी जमतो, पण लाभार्थी चतुर्थीत राहात नाही. ‘संयुक्त मानापमान’च्या प्रेक्षकाप्रमाणेच येथील प्रेक्षकाच्या हाती खरे काही पडते, आणि ते देणारा तोच असतो ज्याच्यासाठी पैसा जमवावयाचा आहे.

सूरजागडच्या परिसरासाठी लिलाव योजावयाचा झाल्यास ह्यातून काही व्यवहार्य सूचना निघतात. वस्तू शहरातील चित्रकारांकडून मागून आणण्यापेक्षा त्या भागातील कारागिरांकडून योग्य मोल देऊन घेतलेल्या असाव्यात. बांबूकामाची एखादी टोपली अकरा हजार एकला गेली तर करणाऱ्याचे नाव पुकारले जावे आणि त्याचे मोल बोलीच्या निकालावर अवलंबून नसावे. वस्तू काय आहे, कशी केली, कशासाठी वापरतात, हे त्या कारागिराने स्वतः, स्वतःच्या भाषेत सांगावे आणि दुभाष्याने ते मराठीत आणावे. हेमलकशाच्या डॉक्टरांना रुग्णांशी बोलण्यासाठी माडिया शिकावी लागली. निधी देणाऱ्यांनी ती निदान दहा मिनिटे ऐकण्यास हरकत नसावी. ह्याने कार्यक्रम लांबतो, अशी तक्रार संयोजक करतील. लांबतो हे खरे. म्हणून वस्तू दहाऐवजी सहा ठेवाव्यात, आणि पाहुण्यांना सांगावयाचा विनियोगाचा हिशेब माडियातही सांगण्यास लागणारी पाच मिनिटे भाषणांतून काढून घ्यावीत.